चढावर पेटलेला लाल दिवा

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा. समजा, तुम्ही एका उभ्या चढावर पळत आहात. छाती भरून आली आहे, पाय जीव तोडून पुढे जात आहेत. पण कुणीतरी मागून तुमचा सदरा मुठीत घट्ट धरला आहे. आणि ज्याने सदरा धरला आहे, तोच तुमच्या कानात ओरडतो आहे, "पळ की! सकाळी जेवली न्हाईस काय?" तुम्हाला तोंड आहे. तुम्ही वळून म्हणाल, "आधी माझा सदरा सोडा." पण ज्याला तोंडच नाही, त्याने काय करावं?

मी एक जुनी, लहान मोटारसायकल आहे. उदगीर आणि देगलूर यांच्या मधल्या एका गावात, भांड्यांच्या दुकानामागे पत्र्याच्या शेडमध्ये माझा मुक्काम असतो. माझी शीट दोनदा शिवून झाली आहे आणि एका आरशाची काच गेली आहे. पण आज सांगते ती गोष्ट मी कोरी करकरीत होते तेव्हाची. त्याला आता सात वर्षं झाली.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. माझ्यासारख्या शेकडो जणी तिथे रांगेत उभ्या होत्या. कुणी माझं इंजिन बसवलं, कुणी चाकं. शेवटी एका मुलीने माझा मागचा दिवा लावून पाहिला, मान डोलावली आणि माझ्यावर पास झाल्याची चिठ्ठी चिकटवली. पुढे हाच दिवा माझी जीभ होणार आहे, हे तेव्हा तिलाही ठाऊक नव्हतं आणि मलाही.

दसऱ्याला मल्लिनाथने मला विकत घेतलं. तो लातूरला नोकरी करतो. मला त्याने स्वतःसाठी नव्हे, तर गावाकडच्या वडिलांसाठी घेतलं होतं. वडिलांचं नाव सिद्धलिंगअप्पा. सारं गाव त्यांना आप्पा म्हणतं. भांड्यांचं दुकान त्यांचंच. त्यांच्याकडे तीस वर्षं एक जुनी, जडशीळ फटफटी होती. तिची किक उलटी बसून आप्पांची नडगी दोनदा फुटली, तेव्हा मल्लिनाथने ती विकायला लावली आणि बटण दाबलं की चालू होणारी मी दारात येऊन उभी राहिले.

गुरम्मा आज्जींनी मला ओवाळलं. झेंडूचा हार घातला. मल्लिनाथची मुलगी अक्षरा आजी-आजोबांपाशी राहून पाचवीत शिकत होती. तिने माझ्याभोवती तीन चकरा मारल्या आणि मागच्या दिव्याच्या काचेत स्वतःचं लालभडक तोंड पाहून खुदकन हसली. त्या दिवसापासून ती काच पुसायचं काम तिने आपणहून घेतलं. रोज शाळेला जाताना जुन्या फ्रॉकच्या तुकड्याने ती पुसायची. नवीन गाड्यांचा दिवा दिवसाही मंद तेवत असतो आणि ब्रेक दाबला की भडकन पेटतो, हे तिला माझ्या शेजारी बसून बसून पाठ झालं होतं.

आता माझं दुःख सांगते.

त्या जुन्या फटफटीचा गिअर उजव्या पायात होता आणि ब्रेक डाव्या पायात. माझं नेमकं उलटं. माझा ब्रेक उजव्या पायाशी. आप्पा मोठे जिद्दीचे. शाळेच्या मैदानात पंधरा दिवस चकरा मारून त्यांनी नवे पाय शिकून घेतले. थांबायचं असलं की उजवा पाय दाबायचे, गिअर डाव्या पायाने टाकायचे. कधी चुकले नाहीत. पण मित्रांनो, काम करणारा पाय नवं शिकतो. विसावलेला पाय शिकत नाही. रस्ता सरळ लागला, आप्पांचं मन दुसरीकडे गेलं, की उजवं पाऊल तीस वर्षांच्या सवयीने पुढे सरकायचं आणि जिथे पूर्वी गिअरचा दांडा होता तिथे जाऊन टेकायचं. तिथे आता माझा ब्रेक होता.

पावलाला ते कळावं कसं? आप्पांच्या बुटाला चांभाराकडून टायरचा तळ ठोकून घेतलेला होता. जुन्या किकसाठी ठोकलेला, दोन बोटं जाड. त्या तळाखाली ब्रेक आहे की दगड, काही समजत नसे.

माझ्या मागच्या चाकाच्या पोटात दोन अर्धगोल आहेत. ब्रेक दाबला की ते पसरतात आणि चाकाला आतून धरतात. त्यांच्यावर जे अस्तर असतं त्याला लायनर म्हणतात. आप्पांचा पाय टेकला की लायनर चाकाला घासत राहायचं. मी पुढे ओढायचे, ते मागे ओढायचं. पेट्रोल जळायचं, चाक तापायचं आणि आप्पा म्हणायचे, "हिच्यात दमच न्हाई."

दुकानासमोर ईश्वरप्पा नावाचे त्यांचे लहानपणचे सोबती बसत. त्यांना तर रोजचा विषयच मिळाला. "सिद्धलिंगा, गाडी आणली का शेळी?"

"शेळी परवडली," आप्पा म्हणायचे. "शेळी दूध तरी देते."

सगळे हसायचे. मी उभ्या उभ्या ऐकायचे.

एकदा आप्पा मला उदगीरच्या सर्व्हिसिंग सेंटरवर घेऊन गेले. विनोद नावाचा मेकॅनिक माझ्यावर बसला. पायात साधी चप्पल, पाऊल जागच्या जागी. मी बाणासारखी सुटले. तो स्टँडपर्यंत जाऊन परत आला आणि म्हणाला, "आप्पा, गाडी एक नंबर हाय. काहीच प्रॉब्लेम न्हाई."

"तुझ्याखाली पळती आणि माझ्याखाली मरती, असं कसं रे? मी काय खोटं बोलून राहिलो?"

"तसं न्हाई आप्पा. सवय व्हायला टाइम लागतो." मग तो वाकला आणि माझ्या मागच्या चाकाकडे बघून म्हणाला, "पण लायनर लई लवकर घासलेत. घाटात चालवता काय?"

"चढ चढत न्हाई ती घाटात कुठं जाती!"

"बदलून टाकू का?"

"आधी हिच्यात ताकद घाल, मग ब्रेकचं बघू," असं म्हणून आप्पांनी मला बाहेर काढलं. खरं उत्तर विनोदच्या हातात आलं होतं आणि निसटलं. मी माझा दिवा शक्य तितका लाल केला. पण मागे वळून बघतो कोण?

त्याच आठवड्यात मल्लिनाथचा फोन आला. आप्पा माझ्याजवळच उभे राहून बोलत होते, म्हणून मला सगळं ऐकू आलं. "आप्पा, नवीकोरी गाडी खराब कशी असंल? विनोद म्हणतो गाडी ठीक हाय. वय झालंय आता. तुमच्याकडून काही चुकायलंय असं कुणी मला सांगितलं ना, तर दुसऱ्या दिवशी येऊन चावी घेऊन जाईन. मग बसा दुकानात."

आप्पांनी फोन ठेवला आणि कितीतरी वेळ माझी चावी मुठीत धरून उभे राहिले. ओट्यावर गृहपाठ करणाऱ्या अक्षराने मान वर केली नाही. पण तिची पेन्सिल थांबली होती.

मग आली चैत्रातली जत्रा.

आमच्या गावाबाहेर महादेवाचा डोंगर आहे. जत्रेच्या महाप्रसादाचं मोठं पितळी पातेलं आप्पांच्या घरातून वर जातं. तो त्यांच्या घराण्याचा मान आहे. तीस वर्षं आप्पांनी ते फटफटीला बांधून स्वतः नेलं होतं. त्या सकाळी त्यांनी पातेलं गोणपाटात गुंडाळून माझ्या मागे दोरीने आवळलं, मध्ये अक्षराला बसवलं, कपाळावरची विभूती रुमालाला लागू नये म्हणून रुमाल जरा वर बांधला आणि निघाले.

मला भीती चढाची नव्हती. भीती परतीच्या उताराची होती. माझं लायनर आता वहीच्या पुठ्ठ्याएवढंच उरलं होतं. डोंगराच्या रस्त्याला म्हसोबाचं एक वळण आहे. एका बाजूला शेंदूर लावलेला दगड, दुसऱ्या बाजूला खडी काढून काढून झालेली खोल खदान. त्या वळणावर मला थांबवायची वेळ आली आणि तोवर लायनर संपलेलं असलं, तर?

चढ सुरू झाला. माणसं रस्त्याच्या कडेने चालत होती. आप्पांना काळजी पातेल्याची, लक्ष गर्दीकडे. पाऊल आपल्या जुन्या जागी जाऊन टेकलं. मी पहिल्या गिअरमध्ये कण्हत होते. अर्ध्या वाटेवर मी हरले. भकभक करून बंदच पडले.

"आली का शेळी टेकीला!" ईश्वरप्पा काठी टेकत शेजारून चालले होते. "उतर सिद्धलिंगा, तूच उचलून घे तिला!"

लोक हसले. आप्पांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "अक्षरा, उतर गं. चालत ये मागून. वजन कमी झालं तर चढंल."

अक्षरा उतरली. मी पुन्हा चालू झाले आणि रडतखडत पुढे निघाले. आता माझ्या मागे, चार पावलांवर, माझा दिवा रोज पुसणारी मुलगी चालत होती. मित्रांनो, माझ्या सगळ्या आयुष्यात मी इतक्या आशेने कधी पेटले नव्हते.

थोड्या वेळाने तिचा आवाज आला. "आज्जा! दिवा लागलाय!"

"नव्या गाडीचा दिवा चालूच असतो गं!"

"तसा न्हाई, मोठा! चढावर ब्रेक कशाला मारताय?"

"मी कुठं ब्रेक मारून राहिलो? चढावर कुणी ब्रेक मारतं का? चल गुमान!"

आणि आप्पा खरंच बोलत होते. त्यांना वाटत होतं तसंच ते सांगत होते. म्हणून तर ही चूक इतके महिने लपून राहिली होती.

वर पोचल्यावर लोकांनी पातेलं उतरवून चुलीकडे नेलं. आप्पांनी देवळाच्या पायरीशी बूट काढले आणि आत गेले. अक्षरा मात्र माझ्यापाशीच थांबली. शेजारी माझ्याच जातीची एक गाडी चालू होती. तिचा मालक कुणाची तरी वाट बघत बसला होता. अक्षराने त्या गाडीच्या मागच्या दिव्याकडे पाहिलं. मंद. तेवढ्यात त्याने ब्रेक दाबून गाडी वळवली. भडक. पुन्हा सोडला. मंद.

तिने बाटली उघडून हात धुतले. ओल्या हाताचा एक थेंब माझ्या मागच्या चाकाच्या पोटावर पडला. चर्रर्र! तिने दचकून हात मागे घेतला. मग मुद्दाम आणखी एक थेंब टाकला. चर्रर्र!

ती खाली बसली. आधी माझ्या ब्रेककडे बघत राहिली, मग पायरीवरच्या त्या जाड तळाच्या बुटाकडे. तिच्या कपाळाला पडलेली आठी मला दिसत होती. तिला सगळं कळलं होतं. पण सांगायचं कसं? जेवणाच्या पंगतीत ईश्वरप्पा होते, अर्धं गाव होतं. "आज्जांचा पाय चुकून ब्रेकवर राहतो" एवढं एक वाक्य पुरे होतं. संध्याकाळच्या आत ते लातूरला पोचलं असतं आणि दुसऱ्या दिवशी चावी गेली असती. कानात सांगावं, तर आज्जांनी एकदा ऐकून सोडून दिलंच होतं. आणि न सांगावं, तर समोर उतार होता.

पंगती झाल्या. ऊन कलायला लागलं. पातेलं दुसऱ्या दिवशी परत यायचं होतं, म्हणून रिकामं गोणपाट तेवढं माझ्या मागे बांधलेलं होतं. आप्पा पायरीशी आले आणि थबकले. डावा बूट होता. उजवा नव्हता.

त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. चपलांचा सगळा ढीग उलथापालथा केला.

"काय शोधून राहिला?" ईश्वरप्पांनी विचारलं.

"बूट गेला. एकच."

"एकच?" ईश्वरप्पा पोट धरून हसले. "देवळातून नवी चप्पल जाती, हे ऐकलं होतं. तुझा टायरचा बूट कोण नेतंय रे? आन् ते बी एकच! लंगडा चोर असंल."

आप्पा चिडले. डावा बूट त्यांनी हँडलला अडकवला. "बस गं अक्षरा. चल घरी. आज बूट गेला, उद्या ही शेळी बी जाईल."

अक्षरा बसली. तिने दोन्ही हातांनी आजोबांची कंबर घट्ट धरली.

उतार सुरू झाला. शंभर पावलंही गेलो नसू, तोच आप्पांचं मन ईश्वरप्पांच्या बोलण्याकडे गेलं आणि उजवं पाऊल पुढे सरकलं. पण आज मध्ये टायरचा तळ नव्हता. माझ्या ब्रेकच्या दांड्यावर लोखंडी दात आहेत. ते उघड्या तळव्याला बोचले.

"हे काय टोचून राहिलंय?" त्यांनी पाऊल उचललं.

मी मोकळी झाले. थोडं पुढे गेल्यावर पाऊल पुन्हा आलं. पुन्हा बोचलं. पुन्हा उचललं. तिसऱ्या वेळी आप्पांनी मान खाली घालून आपल्या पायाकडे पाहिलं. पुढे ते पाऊल दांड्यापासून दोन बोटं दूर, हवेतच राहिलं.

आणि म्हसोबाचं वळण आलं.

वळणाच्या पलीकडून पंगतीला निघालेल्या माणसांनी भरलेला टेम्पो वर येत होता. रस्ता अरुंद. टेम्पोने हॉर्न दिला तेव्हा तो आमच्यापासून जेमतेम आठ-दहा हातांवर होता. उजवीकडे खदान. अक्षरा ओरडली, "आज्जा!"

आप्पांनी उजवा पाय दाबला. या वेळी विसाव्यासाठी नव्हे, तर सगळ्या ताकदीने, उघड्या तळव्याने. पुढचा ब्रेकही आवळला. माझ्या चाकाच्या पोटात ते पुठ्ठ्याएवढं लायनर लोखंडाला भिडलं. ते थंड होतं. सबंध उतारभर घासत आलं असतं, तर इथपर्यंत उरलंच नसतं. किर्रर्र असा आवाज झाला, खडी उडाली, माझं मागचं चाक हातभर सरकलं. मी धरलं, मित्रांनो. होतं नव्हतं ते सगळं लावून धरलं.

मी थांबले. माझं पुढचं चाक शेंदराच्या दगडापासून वीतभर लांब होतं. टेम्पो खदानीच्या बाजूने हळूहळू सरकत निघून गेला. त्यातल्या कुणीतरी हात वर करून "जपून, आप्पा!" म्हटलं.

आप्पांनी मला कडेला लावलं. इंजिन बंद केलं. आपला तळवा उलटा करून पाहिला. त्यावर माझ्या दांड्याच्या दातांचे ठसे उमटले होते.

"इथं गिअर होता," ते हळूच म्हणाले. "तीस वर्षं इथं गिअर होता."

मग त्यांनी अक्षराकडे वळून पाहिलं.

"तुला ठावं होतं?"

"चढावर कळलं. दिवा मोठा झाला होता."

"मला सांगितलं होतंस तू." आप्पांनी रुमालाने तोंड पुसलं. "आन् मी तुलाच गुमान चल म्हणलो. बूट कुठं हाय?"

अक्षराने गोणपाटाची दोरी सोडली. घडीच्या आतून तो जाड तळाचा बूट निघाला. आप्पांना आधी खोकला आला, मग हसू आलं. हसता हसता त्यांनी माझ्या टाकीवर दोन थापा मारल्या. "सहा महिने शिव्या खाल्ल्या गं माझ्या," ते मला म्हणाले. मला. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी माझ्याशी बोललं.

मग ते गंभीर झाले. "बापाला सांगशील?"

"सांगीन की," अक्षरा म्हणाली. "गाडी लई चांगली हाय म्हणून सांगीन. आन् आज्जा उद्या लायनर बदलणार हायत म्हणून सांगीन."

"आन् बुटाचा तळ?"

"तो बी."

मित्रांनो, माझं सांगणं थोडंच आहे. तुमच्या घरात एखादं यंत्र चालत नसेल, गोठ्यातला बैल मागे पडत असेल, वर्गातला एखादा मित्र सगळ्यांच्या शेवटी येत असेल, तर "ह्याच्यात दमच नाही" असं म्हणायची घाई करू नका. एकदा त्याच्या मागे जाऊन बघा. त्याला कुणी धरून ठेवलं आहे का, ते बघा. कधीकधी धरणारा हात आपलाच असतो आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. आमची तर सारी धाव तुमच्या हातापायांवरच चालते. आमचा आवाज, आमचा वास, आमचा दिवा, हीच आमची भाषा. ती ऐकणारं एक माणूस घरात असलं, तरी आमचं आयुष्य सार्थकी लागतं.

आप्पांनी बूट हातात घेतला. पण घातला नाही, हँडलला दुसऱ्या बुटाशेजारी अडकवला. "बस," ते अक्षराला म्हणाले.

अक्षरा बसली नाही. उरलेला उतार फार नव्हता. त्यापुढे एक लहानसं टेकाड होतं आणि पलीकडे गाव. "तुम्ही चालवा, आज्जा. हळू चालवा," ती म्हणाली. "मी मागून दिवा बघते."

आणि ती खरंच माझ्या मागे पळत निघाली. दिवा भडकला की ओरडायची, "आज्जा, पाय!" पाऊल उचललं जायचं. पुन्हा थोड्या वेळाने, "आज्जा, पाय!" उतार संपेपर्यंत सात वेळा ओरडली. मी मोजत होते. टेकाडाच्या पायथ्याशी शेवटची ओरडली. त्यानंतर दिवा मंदच राहिला.

टेकाडाचा चढ सुरू झाला. आप्पांनी जराशी रेस दिली. मला कुणी धरलेलं नव्हतं. मी निघाले. वारा माझ्या आरशांना लागून शिट्टी वाजवत गेला आणि आप्पांच्या डोक्यावरचा रुमाल मागे उडाला. अक्षराच्या पावलांचा आवाज आधी चार हात मागे पडला, मग दहा, मग वीस. शेवटी ती रस्त्याच्या मधोमध थांबली, उडून आलेला रुमाल तिने झेलला, गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकल्या आणि हसत हसत जोराने ओरडली, "आज्जा, थांबा की! मला गाठता येईना!"